उजवा पाय

माझ्या बोटाला धार आहे, असं दुकानात येणारे लोक म्हणतात. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट. ते वर केलं की टेबलावरचा कुत्रा कितीही थोराड असो, कितीही चावरा असो, जागच्या जागी उभा राहतो. तीस वर्षं मी कुत्र्यांना आंघोळ घालते, विंचरते, त्यांची नखं कापते, कान पुसते. मोठ्या जातीचेच घेते. छोट्यांसाठी पुढच्या गल्लीत एक गोड बोलणारी मुलगी आहे, तिच्याकडे रिबिनीही मिळतात. माझ्याकडे रिबिनी नाहीत. माझ्याकडे बोलणी मिळतात.

आणि तीही कुत्र्यांना नाही, त्यांच्या मालकांना. ओल्या अंगावरून हात फिरवला की मला सगळं कळतं. कुठे गोचीड आहे, कुठे गुंत्याखाली कातडी सोलली आहे, कुठे नको ती गाठ आली आहे. डॉक्टरांच्या आधी माझ्या हाताला लागलेल्या गाठी मोजायला बसले तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. अशी गाठ लागली की माझं डोकं फिरायचं. "हा तुमच्याच घरात राहतो ना? का तुम्ही नुसते त्याचा फोटो काढायला जाता?" असं मी भल्याभल्यांना तोंडावर विचारलंय.

चौकातला कुलूपवाला त्यातलाच एक. त्याच्या रॉटवायलरच्या पोटाखाली अंड्याएवढी गाठ होती आणि त्याला पत्ताच नव्हता. "दिवसभर एवढ्याएवढ्या भोकांत डोळा घालून बसता," मी म्हटलं, "आणि एवढी मोठी गाठ दिसली नाही?" त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. मला वाटलं, बरं झालं, चांगलं झोंबलं. दोन महिन्यांनी त्याचा कुत्रा गेल्याचं कानावर आलं, तेव्हाही मी एवढंच म्हटलं की आधी बघायला हवं होतं.

हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पोत्याचं ऐकताना तुम्हाला माझी दया यायला नको.

पोत्या म्हणजे आमचा सेंट बर्नार्ड. दोन महिन्यांचा घरी आला तेव्हा ठेवाल तिथे पोत्यासारखा पडून राहायचा, म्हणून पोत्या. पुढे बहात्तर किलोंचा झाला तरी सवय तीच, फक्त आता तो दाराशी पडला की दार उघडायचं नाही. लाळ अशी गाळायचा की विचारू नका. मान झटकली की शिंतोडे थेट भिंतीवर. एकदा रंग द्यायला आलेल्या माणसाने स्वयंपाकघराची भिंत बघून विचारलं होतं, "बाई, इथे ओल कुठून येते?" मी त्याला ओल दाखवली. ती टेबलाखाली घोरत होती.

खाली दुकान, वर घर, मागे अंगण. अंगणात माझ्या नवऱ्याची शाळा. ते कुत्र्यांना शिकवतात: बस, थांब, पायाशी चाल, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारू नकोस. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीसुद्धा. मास्तरांची सगळी विद्या बिस्किटात. कुत्र्याने हवं ते केलं की त्याच क्षणी बिस्किट, आवाज म्हणून चढवायचा नाही. "तुमची शाळा नाही, बेकरी आहे," मी म्हणायचे. "आणि तुझं दुकान नाही, पोलीस ठाणं," ते म्हणायचे. एकतीस वर्षं आम्ही हे एकच भांडण पुरवून पुरवून भांडलोय.

प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या दिवशी मास्तर पोत्याचं नाटक दाखवायचे. त्यांनी "अरेरे!" म्हटलं की पोत्या पुढचा डावा पाय उचलायचा, मान खाली घालायचा आणि तीन पायांवर लंगडत त्यांच्याकडे यायचा. चेहरा असा की जन्मात कुणी पोटभर घातलं नसेल. लोक खो खो हसायचे. बिस्किट तोंडात पडलं रे पडलं की चारही पायांवर हा धूम. हे शिकवायला मास्तरांना महिना लागला होता आणि त्यांना त्याचा भारी अभिमान. गल्लीतली पोरं तर पोत्या दिसला की "अरेरे, अरेरे" करत मागे लागायची, आणि तोही कुणाला नाराज करायचा नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझ्या थोरल्या दिरांचं ऑपरेशन झालं आणि मास्तर महिनाभर तिकडे राहायला गेले. माझे तर हे घाईचेच दिवस. मोठ्या कुत्र्यांचे केस झडायला लागतात, दुकानात ढीग पडतात, नाकातोंडात, डब्यात, उशीवर केसच केस. एरवी दर रविवारी पोत्याला नखशिखांत विंचरायचं हा माझा नियम. त्या महिन्यात मी त्याची पाठ आणि शेपूट तेवढी उरकायचे आणि पाय उद्यावर टाकायचे.

मास्तरांना जाऊन आठवडा झाला असेल. दुपारी पोत्या लंगडत दुकानात आला. मान खाली, चेहरा तोच, सगळ्यांना हसवणारा. माझ्या टेबलावर एक जर्मन शेफर्ड, हातात कात्री, दाराशी दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. मला वाटलं, मास्तर नाहीत, बिस्किटं आटलीत, म्हणून साहेबांनी स्वतःच प्रयोग लावलाय. गिऱ्हाइकं हसली. मीही हसले आणि एक बिस्किट दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी बोट वर केलं.

"पोत्या, नाटकं बंद! सरळ चाल."

आणि तो सरळ चालला. आधी पाय टेकवला, माझ्याकडे बघितलं, मग दुसरं पाऊल टाकलं, आणि आपल्या जागेवर जाऊन पडला. "बघा," मी गिऱ्हाइकाला म्हटलं, "याला शिस्त म्हणतात."

त्यानंतर तीन आठवडे तो माझ्यासमोर एकदाही लंगडला नाही.

मास्तर परत यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी वरच्या खिडकीत उभी राहून चादर झटकत होते. खाली अंगणात पोत्या एकटाच होता. झाडाखालून उठून तो पाण्याच्या घमेल्याकडे निघाला होता. वीस पावलं असतील नसतील. तो लंगडत होता. प्रत्येक पावलाला मान खाली जात होती. मध्येच थांबला, पाय हवेत धरून उभा राहिला, चार पावलं गेला, पुन्हा थांबला. अंगणात कुणी नव्हतं. हसायला कुणी नव्हतं, बिस्किट द्यायलाही नव्हतं. मग हे नाटक कुणासाठी चाललंय?

मी हाक मारली, "पोत्या!"

त्याने वर बघितलं आणि पाय खाली टेकवला.

चादर खिडकीतच टाकून मी जिना उतरले. खालूनच मास्तरांना फोन लावला.

"कोणता पाय?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"उजवा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अगं," ते म्हणाले, "मी त्याला डावा शिकवलाय."

आठ वर्षं ते नाटक मी बघत होते. दोनशे वेळा तरी बघितलं असेल. आणि लोकांच्या कुत्र्यांची झडती घेणाऱ्या मला डावं-उजवं कळलं नव्हतं.

मी अंगणात पोत्याजवळ बसले आणि पायावरचे केस बाजूला केले. पंज्याच्या वर, मनगटाच्या जागी, लिंबाएवढी सूज होती. टणक आणि गरम. मी दाबलं नाही, नुसता हात ठेवला. पोत्याने पाय ओढून घेतला आणि पोटाखाली घातला. त्या दिवसापासून त्याने तो पाय मला शिवू दिला नाही.

आमच्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. मोठा कुत्रा आला की त्या टेबलाच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ जमिनीवर फतकल मारतात. त्या दिवशीही त्या खालीच बसल्या होत्या. एक्स-रे दाखवायलाही उठल्या नाहीत, पडदाच खाली वळवला.

"वाळवी लागलेलं लाकूड असतं ना काकू, तसं हाड झालंय. कॅन्सर आहे. या मोठ्या जातींमध्ये फार दिसतो. पाय काढून टाकता आला असता, पण छातीतही ठिपके आलेत. आणि त्याची कंबर आधीच कमजोर, तीन पायांवर एवढं वजन पेलणार नाही."

"तीन आठवडे आधी आणला असता तर?"

त्यांनी पडदा पुन्हा वर वळवला. "आजार वाढायचा तसा वाढलाच असता."

"आणि दुखणं?"

"दुखणं कमी करता आलं असतं," त्या म्हणाल्या. खोटं बोलत नाहीत, म्हणून तर त्यांच्याकडे जाते. पण त्या क्षणी खोटं बोलल्या असत्या तर मी काही त्यांना धरलं नसतं.

मग त्यांनी मला नीट समजावलं. गोळ्या चालू करायच्या. त्या पायावर भार जितका कमी पडेल तितकं बरं, कारण हे हाड केव्हाही मोडू शकतं, आणि मोडलं तर त्याचे हाल बघवणार नाहीत. तो त्याच्या त्याच्या अंदाजाने पाय हलका टाकेल, टाकू द्यायचा. ज्या दिवशी पाय टेकवणंच सोडेल, त्या दिवशी गोळ्या हरल्या असं समजायचं आणि लगेच फोन करायचा.

"तुम्ही घाबरू नका. तो चालण्यातून सांगेल तुम्हाला."

"मला नाही सांगणार," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी हळवी होऊन बोलतेय. माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी त्यांना बोटाची हकिगत सांगितली. त्यांचा हात पाठीवरच राहिला. बाहेर, दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी, पोत्या आमच्या दोघींसमोर उजवा पाय टेकवत टेकवत चालला.

मास्तर आले. बॅग दारातच टाकून खाली बसले, पोत्याचं डोकं मांडीवर घेतलं, गोळ्यांची चिठ्ठी वाचली. मला एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. जेवतानाही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"बोला ना काहीतरी," शेवटी मीच म्हटलं.

"काय बोलू?"

"मी लोकांना बोलते ते."

ते उठले आणि पाण्याचं घमेलं अंगणातून उचलून पोत्याच्या तोंडाशी आणून ठेवलं. रागावले असते तर मी भांडले असते. भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी कुलूपवाल्याकडे गेले. दुकानाची जोडकिल्ली हवी असा बहाणा करून. त्याने किल्ली पकडीत लावली, कानस घेतली. मी तशीच उभी. शेवटी म्हटलं, "तुमच्या कुत्र्याच्या वेळी मी तुम्हाला फार टाकून बोलले."

"खरं तेच बोललात, ताई."

"माझ्या पोत्याचा पाय मला दिसला नाही. महिनाभर. घरात असून."

त्याने कानस थांबवली. चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

"गाठ दिसली नाही त्याचं एवढं नाही वाटत मला आता," तो म्हणाला. "मी त्याला आठ दिवस जास्त ठेवला, त्याचं वाटतं. उद्या बरा उठेल, परवा बरा उठेल. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी ठेवला. ते आठ दिवस काही केल्या जात नाहीत डोळ्यांसमोरून. तेवढा उशीर करू नका."

किल्ली घेऊन मी घरी आले. ती आजतागायत कुठल्या कुलपाला लावून बघितलेली नाही.

घरी पोत्याचा खेळ तसाच चालू होता. माणूस दिसलं की पाय टेकवायचा. मास्तरांसमोरही तेच, आणि माझ्यासमोर तर अगदी नेटका, शाळेतल्या हुशार मुलासारखा. लपून बघावं म्हटलं तर तो आता एकटा राहायलाच तयार नव्हता. ज्या खोलीत आम्ही, त्या खोलीत तो. मी दुकानातून मोरीकडे गेले तरी तो उठायचा, वाळवी लागलेल्या हाडावर सगळा भार टाकायचा आणि माझ्या मागे सरळ चालत यायचा. मी सांगितलं होतं ना, सरळ चाल.

"हे त्याच्या डोक्यातून काढा," मी मास्तरांना म्हटलं. "तुम्हाला येतं ना शिकवायला?"

"मला नाही काढता यायचं. त्याने ते तुझ्याकडून घेतलंय. तुलाच काढावं लागेल."

म्हणजे एकतीस वर्षं ज्या बेकरीची टर उडवली, तिथेच मला पाटी-पेन्सिल घेऊन बसायची वेळ आली. मास्तरांनी मला जमिनीवर बसवलं. उभं राहायचं नाही. हात मांडीवर, बोटं मिटलेली. बोलायचं नाही. पोत्या चालत येईल, त्याचा उजवा पाय एवढासा जरी हलका पडला, जरी लटपटला, तरी त्याच क्षणी बिस्किट.

"आणि मग तो बिस्किटासाठी लंगडायला लागला तर? मला खरं-खोटं कळणार कसं?"

"बिस्किट फक्त सुरुवातीला. लंगडलं तरी चालतं, बाई ओरडत नाहीत, एवढं त्याला पटू दे. मग बिस्किट बंद. हातात काही नसताना लंगडला, तर ते खरं."

पहिल्या दिवशी पोत्या माझ्यापर्यंत सरळ चालत आला आणि समोर येऊन उभा राहिला. बिस्किट नाही. तो गोंधळला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि आपली सगळी पोतडी उघडली. बसून दाखवलं. डावा पंजा पुढे केला. भुंकून दाखवलं. आणि मग, मी किंवा मास्तर काही करायच्या आत, त्याने डावा पाय उचलला, मान खाली घातली, आणि "अरेरे"चं नाटक सुरू केलं.

डावा पाय वर. सगळा भार उजव्यावर.

"नको!" मी किंचाळले. "नको, नको रे!" तो तसाच एक पाऊल पुढे आला. त्याचं अंग थरथरत होतं आणि चेहरा मात्र तोच, हसवणारा. मास्तरांनी झेप घालून त्याला छातीखालून उचलून धरलं. या वयात, बहात्तर किलो. धरून तसेच खाली बसले.

"हे मी शिकवलंय," ते म्हणाले. "हे मी शिकवलंय गं." एकतीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. पोत्या मान वळवून त्यांचं तोंड चाटत होता, आणि आम्ही दोघं, दोन उस्ताद, त्याला मध्ये धरून बसलो होतो.

त्यानंतर "अरेरे" हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. गल्लीतल्या पोरांना मास्तर घरोघरी जाऊन सांगून आले.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी माझी शिकवणी. मी फार ढ विद्यार्थिनी होते. बिस्किट द्यायला उशीर करायचे, हात हलायचा, डोळ्यांत पाणी यायचं. "रडू नकोस," मास्तर दारातून म्हणायचे, "तो तुझं तोंड वाचतो." पाचव्या दिवशी पोत्याने येता येता उजवा पाय जरासा हलका टाकला. मी बिस्किट दिलं. त्याने ते तोंडात धरलं, चावलं नाही, माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. बोट वर येतंय का ते बघत होता. मी हात पाठीमागे घेतला. मग त्याने बिस्किट खाल्लं.

आठव्या दिवशी एक अख्खं पाऊल लंगडला. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली, आणि त्याने दचकून पाय टेकवला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, चुकलं," मी म्हटलं. "गिऱ्हाइकांना असंच सांगतो मी," ते म्हणाले, "कुत्रा लवकर शिकतो, मालकाला वेळ लागतो." त्या दिवसांत आम्ही हसलो ते एवढंच.

बारा-तेरा दिवसांनी तो माझ्यासमोर लंगडायला लागला. मोकळेपणाने, मान खालीवर करत, चार पावलांवर थांबत, पाय नखांवर टेकवत. दुकानातून मोरीपर्यंत माझ्या मागे लंगडत यायचा. एखाद्या आईला आपलं लेकरू लंगडताना बघून बरं वाटावं, अशी वेळ माझ्यावर आली होती. मी त्याच्यापुढे हळू चालायचे, म्हणजे त्याला घाई नको. डबा बंद करून वरच्या फळीवर ठेवला. बिस्किटाशिवायही तो लंगडत राहिला. ज्या दिवशी गोळी लागू पडायची त्या दिवशी कमी, नाही त्या दिवशी जास्त. तो मला सगळं सांगत होता.

असे एकोणीस दिवस मिळाले. मी दुकान दुपारनंतर बंद ठेवायचे आणि त्याच्याजवळ बसून विंचरायचे. पाठ, मान, कानामागचे गुंते, शेपटीचा झुपका. उजव्या पायाजवळ कंगवा नेला की तो पाय पोटाखाली घ्यायचा. लंगडताना तो बघू द्यायचा, पण हात लावू द्यायचा नाही. मी कंगवा बाजूला ठेवायचे.

विसाव्या दिवशी सकाळी मी दुकानाच्या पायरीवर बसले होते, हातात काही नव्हतं. पोत्या आतून उठला. मला आवाजावरून कळलं, चार पायांचा आवाज आणि तीन पायांचा आवाज वेगळा असतो. मी मागे वळले. उजवा पाय त्याने छातीशी घेतला होता आणि तो जमिनीला लागतच नव्हता. तीन पायांवर, थांबत, धापा टाकत तो आला. माझ्या उजव्या हाताकडे त्याने बघितलंही नाही. थेट माझ्या तोंडाकडे बघत आला आणि माझ्या अंगावर रेलला.

"शाब्बास," मी म्हटलं. "शाब्बास रे माझ्या राजा."

माझ्या मनात आलं, उद्यापर्यंत बघावं. एखाद्या वेळी गोळी उशिरा लागू पडते. उद्या कदाचित टेकवेल. मग मला कुलूपवाल्याच्या हातातला चष्मा आठवला. मी फळीवरचा डबा काढला, सगळाच्या सगळा त्याच्यापुढे उपडा केला, आणि मास्तरांना म्हटलं, "फोन करा."

डॉक्टरीणबाई दुपारी बाराला आल्या. अंगणात, झाडाखाली, आम्ही गादी टाकली होती. त्या जमिनीवर बसल्या. सुई टोचायला पुढच्या डाव्या पायावरचे थोडे केस काढायचे होते. त्यांनी त्यांचं मशीन बाहेर काढलं.

"ते नको," मी म्हटलं. "माझं घ्या. त्याला त्याचा आवाज ओळखीचा आहे."

केस मीच काढले. तीस वर्षांची सवय आहे. मास्तर पोत्याच्या डोक्याशी बसले होते, त्याच्या कानात काहीतरी बोलत होते. काय, ते मी विचारलं नाही. डावा पाय, नाटकाचा पाय, डॉक्टरीणबाईंच्या हातात होता.

तेव्हा पोत्याने पोटाखालून उजवा पाय काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

कुणी सांगितलं नव्हतं. जड होता, आणि मनगटापाशी अजून तसाच गरम. आतल्या बाजूला केसांचे गुंते झाले होते, दोन-अडीच महिन्यांचे, मी उद्यावर टाकलेले. कंगवा माझ्या खिशातच होता, पण मी तो घेतला नाही. बोटांनीच एकेक गुंता सोडवायला लागले, सुजेला धक्का लागू न देता, वरून खाली. त्याने पाय ओढला नाही. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "झालं, काकू."

"थांबा जरा," मी म्हटलं, "थोडेच राहिलेत."